मलबार हिलची शिरगणती

२०११च्या जनगणनेत मला मोजणीसाठी मलबार हिलवरचा गट, म्हणजे ठरवून दिलेल्या इमारतींचा भाग, मिळाला, तेव्हा शिक्षक खोलीत सगळे म्हणाले, "नशीब काढलंत बाई!" कुणाच्या वाट्याला खेतवाडीच्या गल्ल्या आल्या होत्या, कुणाला गिरगावातल्या चाळी. माझ्याकडे मात्र लिफ्टच्या इमारती, रुंद जिने आणि मजल्यावर दोनच दारं.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते. ९ ते २८ फेब्रुवारी हा प्रगणनेचा, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजण्याचा काळ. शाळा सुटली की ओळखपत्र गळ्यात अडकवायचं, पत्रकांची पिशवी घ्यायची आणि तीनबत्तीपासून वर चालू लागायचं. या टेकडीच्या टोकाला तेव्हाचं राजभवन, आताचं लोकभवन, माथ्यावर हँगिंग गार्डन. १८८१मध्ये केलेल्या या बागेच्या खाली पाण्याचा प्रचंड जलाशय आहे आणि दक्षिण मुंबईच्या मोठ्या भागाला तिथून पाणी जातं. गव्हर्नरांचं निवासस्थान परळहून इथे आलं ते त्याच दशकात. पुढे बंगले आले, बंगल्यांच्या जागी टॉवर आले. होमी भाभांचा 'मेहरांगीर' बंगला २०१४मध्ये लिलावात ३७२ कोटींना गेला, तेव्हा पेपरांत पहिल्या पानावर बातमी होती. मलबार हिलबद्दल बोलताना लोक असेच आकडे सांगतात. मला त्या टेकडीचा वेगळा आकडा काढायचा होता: इथे राहतं कोण आणि किती?

पहिली अडचण गेटवर. वॉचमन इंटरकॉमवर विचारणार, वरून उत्तर येणार, "उद्या या." सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटल्यावर ते सुटलं. पण खरं काम कळलं ते गटाचा हाताने काढलेला नजरी नकाशा पडताळताना. या जुन्या इमारतींना दोन जिने असतात. पुढचा संगमरवरी. मागचा अरुंद, लोखंडी कठड्याचा, कचऱ्याच्या डब्यांचा. त्या मागच्या जिन्यावर, दोन मजल्यांच्या मध्ये, नोकरांच्या खोल्या. एका खोलीचं दार उघडं होतं. खाटेखाली पत्र्याची ट्रंक, दोरीवर इस्त्री केलेला पांढरा युनिफॉर्म, खिळ्याला आरसा आणि भिंतीवर पेनने लिहिलेले मोबाईल नंबर. पुढच्या दारानं गेलं की ही खोली दिसतच नाही.

प्रशिक्षणात आम्हाला कुटुंबाची व्याख्या घोकून घेतली होती: सामान्यतः एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवण घेणारी माणसं. रक्ताचं नातं लागत नाही. गिरगावात हे वाक्य सोपं असतं. मलबार हिलवर मात्र सगळं काम या एका वाक्यावर चाललं. तळघरात ड्रायव्हर स्वतःच्या स्टोव्हवर भात लावत असेल, तर तो स्वतंत्र कुटुंब. घरच्याच डब्यातलं जेवत असेल आणि तिथेच राहत असेल, तर त्याच घराच्या पत्रकावर. म्हणून मी प्रत्येक दारात एकच प्रश्न आधी विचारायला लागले, "रात्री इथे कितीजण जेवतात आणि झोपतात?"

एका मजल्यावर मालक मंडळी लंडनला होती, साऱ्या फेब्रुवारीत येणार नव्हती. नियमाप्रमाणे त्यांची नोंद तिथे होणार नव्हती. घर सांभाळायला उदयपूरकडचं एक जोडपं होतं. मी कुटुंबप्रमुख म्हणून त्या गृहस्थाचं नाव लिहिलं, तसा तो घाबरून उभाच राहिला. "नको बाई, शेठ काय म्हणतील? घर त्यांचं आहे." मी त्याला सांगितलं, इथे मालकी विचारलेली नाही, कोण राहतं एवढंच विचारलंय. त्याने ते बायकोला मेवाडीत समजावलं आणि मग दोघं सोफ्याच्या अगदी कडेला बसून उत्तरं देत राहिली.

आणि मग तो दिवस. जनगणनेची माहिती गोपनीय असते, १९४८च्या कायद्यानं आम्ही बांधलेले असतो. म्हणून इमारत, नावं, गाव काही सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

गुजराती घर होतं. भाभींनी मला आत बसवलं, पाणी दिलं. चांगल्या, मोकळ्या स्वभावाच्या बाई. "लिहा बाई, मी, मिस्टर, मुलगा, मुलगी. चार."

"घरात राहणारं कामाला कुणी?"

"ते आहेत ना. स्वयंपाकाला महाराज आहे, एक मुलगा आहे, मावशी आहे. पण ते आमच्यात कशाला?"

मी व्याख्या वाचून दाखवली. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "जेवतात तर आमच्याबरोबरच. मग सात." आणि त्यांनी तिघांना हाक मारली.

महाराजांचं आणि झारखंडच्या त्या पोराचं पटकन झालं. मावशी शेवटी आल्या. पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या, खुर्ची दिली तरी नको म्हणाल्या. कोकणातल्या. विचारलं, "बाई, माझं पण नाव लिवणार?" लिहिलं. जन्माचं ठिकाण सांगताना त्यांनी गाव, वाडी, तालुका सगळं सांगितलं. मातृभाषा मराठी. इतर कोणत्या भाषा येतात, या रकान्यावर त्या गप्प झाल्या, तर भाभीच म्हणाल्या, "अहो, माझ्यापेक्षा चांगलं गुजराती बोलते ती!" मावशी हसल्या. लग्नाच्या वेळचं वय? "चौदा असंल. पाऊस लागायच्या आधी लगीन लागलं."

विवाहित आणि विधवा स्त्रियांना पुढे दोन प्रश्न असतात: आज हयात असलेली मुलं किती आणि एकूण जिवंत जन्मलेली किती. हे हळू विचारायचं असं आम्हाला बजावलेलं होतं. मी आवाज खाली आणूनच विचारलं.

"एक मुलगी हाय. नालासोपाऱ्याला असते."

"आणि झालेली एकूण?"

"तीन."

भाभी फळं कापत होत्या, त्यांची सुरी थांबली. "तीन? मावशी, तू कधी बोलली नाहीस."

"पहिला तर जन्मताच गेला. दुसरा सात वर्षांचा व्हता. तुमी धाकटीच्या बाळंतपणात, आणि तुमचा छोटा बाबा तापानं फणफणलेला. त्यात गणपतीचे दिवस, एसटीला जागा नाय. मी पोचले तवा सगळं उरकलेलं."

"मला सांगायचं ना ग."

"तुमी पलंगावर, भाभी. काय सांगणार?"

मी दोन रकान्यांत १ आणि ३ लिहिले. त्या घरात तीसएक वर्षं काढलेल्या बाईला हा प्रश्न सरकारी कागदानं पहिल्यांदा विचारला होता. भाभींचा मला राग आला नाही. त्या खरंच हादरल्या होत्या, उठून मावशींच्या शेजारी खाली बसल्या. राग आला तो त्या "चार"चा. इतक्या सहज येतो तो तोंडी. आणि तो चुकून किंवा वाईट हेतूनं येत नाही, म्हणूनच तर तो घरोघर तसाच येत राहतो.

सिमला नगरची झोपडपट्टी माझ्या सहकाऱ्याकडे होती. तिथे लोक रेशनकार्ड हातात घेऊन दारात उभे असायचे. त्यांना नोंदीचं मोल कुणी शिकवावं लागत नव्हतं. २८ तारखेच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, १ ते ५ मार्चला फेरपडताळणी झाली आणि काम संपलं.

पुढे आकडे आले. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११, म्हणजे २००१पेक्षा साडेसात टक्क्यांनी कमी. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ८३२. गाव सोडून एकट्यानं कामाला आलेले पुरुष शहरात किती, ते या आकड्यात दिसतं. त्यात माझे महाराज आहेत, तो झारखंडचा मुलगा आहे. आणि मावशीही आहेत.

२०२१ची जनगणना कोविडमुळे झालीच नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, ठरला आहे, गणना मोबाईलवर होणार आहे, आणि कुटुंबांना आपली माहिती स्वतः ऑनलाइन भरण्याची सोय असणार आहे. सोय चांगलीच आहे. पण मला भीती वाटते ती नेमकी या टेकडीवरच्या आणि तिच्यासारख्या प्रत्येक वस्तीतल्या घरांची, मग ती पुण्यातली असोत की ठाण्यातली. प्रगणक नंतर पडताळणीला येईल, पण तोवर पडद्यावर "चार" भरून झालेलं असेल.

तेव्हा भरायला बसाल त्या वेळी घरात जेवून झोपणाऱ्या प्रत्येकाला शेजारी बसवा. त्यांचं जन्मगाव, लग्नाचं वय, मुलं किती, हे तुम्ही अंदाजानं भरू नका, त्यांनाच विचारा. तळघरात कुणी वेगळी चूल मांडली असेल, तर वॉचमनला सांगून ठेवा की प्रगणक आला की त्याला तिकडेही घेऊन जा. आणि कुलूपबंद म्हणून सोडून दिलेल्या फ्लॅटची मागची घंटी एकदा वाजवून पाहायला सांगा.