पाटी बदलते, स्टाफ तोच

हॉटेल दुसऱ्या कंपनीकडे चालवायला दिलं की जुना स्टाफ कसा सांभाळायचा, हे मालक मंडळी मला हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांत इमारत एकाची आणि चालवणारी कंपनी दुसरी. करार संपला की पाटी बदलते. त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. नवा युनिफॉर्म तर आवडतोच. बोचतं ते वेगळंच.

पुण्यातल्या एका हॉटेलात हाऊसकीपिंगला मोबाइल ॲप आलं. आधी फ्लोअर सुपरवायझर खोली तपासून कागदावर लिहायच्या आणि डेस्कला फोन करायच्या. आता अटेंडंटने बटण दाबलं की खोली तयार असल्याचं थेट फ्रंट ऑफिसच्या (रिसेप्शनच्या) स्क्रीनवर. एक जुन्या ताई ॲपला हातच लावेनात. जीएम (जनरल मॅनेजर) म्हणाले, वय झालं त्यांचं. वयाचा काही संबंध नव्हता. कुठल्या खोलीचा एसी गळतो, कुणाला कडक उशी लागते, सकाळी कुणाचं दार वाजवायचं नाही, हे सगळं ताईंच्या डायरीत होतं आणि आता ते विचारायला कुणी त्यांच्याकडे येत नव्हतं. आम्ही त्यांच्या शेजारी बसून डायरी गेस्ट प्रोफाइलमध्ये उतरवली आणि खोली पास करायचा अधिकार त्यांच्याच लॉगिनला ठेवला. मग ॲपबद्दल एकच तक्रार उरली : अक्षरं बारीक आहेत.

बॉलरूममध्ये टाउनहॉल, म्हणजे सगळ्या स्टाफची सभा, घ्या, केक कापा, हरकत नाही. पण तो केक मालकासाठी असतो. स्टाफला हवं असतं ते एवढंच : पद तेच राहणार का, सर्व्हिस चार्ज कसा वाटणार, ग्रॅच्युइटीला जुनी वर्षं धरणार का. उत्तरं लेखी द्या, मराठी-हिंदीत.

आणि घाई नको. मॅरियटने स्टारवुड ही दुसरी हॉटेल कंपनी सप्टेंबर २०१६ मध्ये घेतली, तरी दोन्हीकडच्या लॉयल्टी योजना (नेहमीच्या पाहुण्यांसाठीच्या पॉइंट-सवलती) एक व्हायला ऑगस्ट २०१८ उजाडला. डिसेंबरच्या लग्नसराईत तर सिस्टिम बदलूच नका. पुण्यात पावसाळा बरा. (लोणावळ्यात नाही, तिथे तोच सीझन.)

नाइट शिफ्टला मात्र सगळेच विसरतात. नवी सिस्टिम सुरू होते ती बहुधा नाइट ऑडिटच्या (रात्री दिवसाचे हिशेब बंद करण्याच्या) वेळी, आणि ट्रेनिंग ठेवतात दुपारी तीनला, ही पोरं झोपलेली असताना. त्यांचं ट्रेनिंग रात्री अकरानंतरच घ्या, आणि ट्रेनरलाही तेव्हाच बोलवा.