आज्जीचं ताट आणि माझं वजन

एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, 6.1 आणि वजन 92 किलो. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असं डॉक्टरांनी समजावलं आणि गोळ्यांआधी वजन उतरवायला सांगितलं. ऑफिसात तेव्हा पॅलिओचं वारं होतं: धान्य बंद, डाळी बंद, दूध बंद, अश्मयुगातला माणूस खायचा तेवढंच खायचं. मी म्हटलं, पूर्वजांसारखंच जेवायचं तर एवढं लांब कशाला जायचं? मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावात आज्जी अजून खुटखुटीत आहे. तिचंच ज्वारीच्या भाकरीचं ताट घेऊ.

फोनवर सांगितलं तर तिला हसू आवरेना. "आम्ही काय हौसेनं खात हुतो व्हय? भात सणाला, चपाती पाव्हणा आला तर. बहात्तरच्या दुष्काळात तर ती लाल मिलो ज्वारी गिळली. आन् लेका, आम्ही दिसभर रानात असायचो. तू बसतूस खुर्चीत."

खुर्चीचा मुद्दा बिनतोड होता. ज्वारी आणि गहू, दोन्हींच्या शंभर ग्रॅम पिठात कॅलरी जवळपास सारख्याच, साधारण 340. म्हणजे चार चपात्यांच्या जागी चार भाकऱ्या खाऊन काटा हलणार नव्हता. ताट आज्जीचं, पण माप माझ्या खुर्चीचं, असं ठरवलं. दुपारी दीड भाकरी, रात्री एक, तीही आठच्या आत. सोबत मेथी, शेपू, अंबाडी, जी मिळेल ती पालेभाजी भरपूर, आणि मटकी किंवा हुलगे रोज. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, ते कडधान्यांतून भरून निघतं. पिठलं-भाकरीची जोडी जमवणाऱ्यांना हे शास्त्र माहीत नव्हतं, जोडी मात्र बरोबर जमली होती. शेंगाचटणीला हात आखडता घेतला. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, आणि आम्हा सोलापूरकडच्या माणसांना चटणी चमच्यानं वाढायची सवय नाही.

खरी कसोटी भाकरीची. पोळ्यावाल्या मावशींनी "मला नाही जमत" म्हणून हात वर केले, तेव्हा परात मीच ओढली. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ एकमेकांना धरतच नाही. आधणाचं पाणी घालून तळव्याच्या टाचेनं रगडत राहायचं, तेव्हा कुठे गोळा मऊ होतो. तरी थापताना कडा फाटायच्या. आईनं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि विचारलं, "पीठ कधीचं?" दुकानातल्या पाकिटाचं होतं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग कितीही मळा, भाकरी फाटणारच. तेव्हापासून गावाकडची मालदांडी ज्वारी आणतो आणि आठवड्यापुरतीच दळून घेतो. गिरणीवाल्याला आधी विचारायचं, ज्वारीवर दळणार का? गव्हावर दळलं की गव्हाचं पीठ मिसळतं. आता तव्यात टाकलेल्या भाकरीला वरून पाण्याचा हात फिरवतो, पाणी सुकायच्या आत उलटते, विस्तवावर फुगतेही. गोल अजून होत नाही, त्याचं मला काही वाटत नाही.

वजन उतरलं त्यात हाताला लागणाऱ्या या मेहनतीचाही वाटा असावा. तिसरी भाकरी हवी असेल तर पुन्हा उठून थापा. बहुतेक वेळा मी उठत नाही. फिरतीवर सोलापूरची कडक भाकरी बरोबर ठेवतो, ती बरेच दिवस टिकते. ताकात चुरली की जेवण झालं. लग्नकार्यात मात्र जिलबी खातो. ते बंद करायला मी काही संन्यास घेतलेला नाही.

पहिले काही आठवडे पोट गुबारा धरायचं. कडधान्य एकदम वाढवल्याचा तो परिणाम. मोड आणून, हिंग घालून, थोडं थोडं वाढवत नेलं तसं थांबलं. दुपारी चारच्या सुमाराला बिस्किटाच्या पुड्याकडे जाणारा हातही हळूहळू थांबला. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर 5.8, त्याच्या पुढच्या खेपेला 5.6. डॉक्टरांनी यातलं किती श्रेय ज्वारीचं आणि किती उतरलेल्या वजनाचं ते सांगायला नकार दिला, आणि मला ते पटलं. पॅलिओवाल्या सहकाऱ्याचंही वजन उतरलं होतं. पण त्याला घरच्यांबरोबर जेवता येईना, म्हणून त्यानं सोडून दिलं.

माझा काटा मात्र 81 वर येऊन अडलाय. आज्जीला सांगितलं तर म्हणाली, "मग ये की ज्वारी काढायला." काढणी फेब्रुवारीत आहे. रजा टाकलीय.