डॉक्टरच्या घरचं दुखणं

ठाण्यात पावसाळा सुरू झाला की ओपीडीत तापाच्या पेशंटची रांग लागते. दिवसभर डेंग्यू आणि लेप्टो (साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) बघून, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून घरी आलेल्या डॉक्टरला बायकोचा १०० ताप म्हणजे ताप वाटतच नाही. ‘व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घे,’ एवढं बोलून स्वारी आंघोळीला. निदान बहुतेकदा बरोबरच असतं. फक्त तपासलेलं नसतं.

परक्या पेशंटला जी पाच मिनिटं मिळतात, ती घरीही द्या. शेजारी बसा, थर्मामीटर लावा, टॉर्चने घसा बघा, लघवी नीट होतेय का विचारा. पॅरासिटामॉल ६५० दिलीत तर वेळ लिहून ठेवा. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारच्या वर नको. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नकोच, रक्तस्राव वाढू शकतो. एनएस१ ही डेंग्यूची रक्ततपासणी करायची ती पहिल्या पाच दिवसांत. आणि ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही: पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त ही धोक्याची लक्षणं बऱ्याचदा ताप उतरतानाच दिसतात. साचलेल्या पाण्यातून चालणं झालं असेल, तर लेप्टोही डोक्यात ठेवा.

तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर दुसऱ्या फिजिशियनला दाखवा. आपल्या माणसाचं दुखणं एकतर फार किरकोळ वाटतं, नाहीतर भलतंच मोठं. बायको डॉक्टर असली तरी हेच. तिथे नवऱ्याची सर्दी जरा जास्त कण्हते, एवढंच.

आणि सासूबाईंचा आल्याचा काढा ‘पुरावा नाही’ म्हणून बेसिनमध्ये ओतू नका.