भट्टी नवी, पण सगळा खेळ साच्याचा

पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या गॅरेजात शिसं वितळवायची भट्टी आहे हे कळल्यावर ओळखीचे मराठी लोक जरा सावरून बसतात. म्हणून आधी कायद्याचं सांगून टाकतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरत्या बंदुकीच्या गोळ्या ओतायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला काढल्या की लागतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याने काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच धरली आहेत. तेव्हा हे वाचून तिकडे कुणी भट्टी मागवू नये.

मी मूळचा कोल्हापूरचा. ओतकाम आणि नेमबाजी, दोन्हींत आमचा जिल्हा मागे नाही. एकीकडे शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आणि दुसरीकडे तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे. अर्थात ही मंडळी वापरतात ते .२२चं काडतूस कारखान्यातूनच यावं लागतं. त्याचा प्रायमर, म्हणजे घोडा पडला की पेटणारा मसाला, कडेच्या घडीत भरलेला असतो आणि एकदा उडवलं की पितळी पुंगळी कामातून जाते. माझ्याकडे .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर आहे. त्याची पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते, आणि तिच्यात बसणारी शिशाची गोळी घरी ओतता येते. मी ओततो ती वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची, १४८ ग्रेनची, साधारण साडेनऊ ग्रॅमची. कागदावर ती गोल, स्वच्छ भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाहीत.

आजवर हे काम कॅम्पिंगच्या स्टोव्हवर बिडाचं भांडं ठेवून, पळीने चालायचं. पळीतला रस साच्यापर्यंत जाईतो थंड व्हायचा, मनगट भरून यायचं. शेवटी खालून ओतणारी विजेची भट्टी घेतली. २० पौंडी, ७०० वॅटची. पात्राच्या बुडाला तोटी, आत उभी दांडी, बाहेर एक कळ. कळ उचलली की तोटीतून रस थेट साच्यात. वरची मळी वरच राहते आणि खालचा स्वच्छ धातू मिळतो, हा तिचा खरा फायदा.

नव्या भट्टीत पहिल्याच दिवशी शिसं घालू नये. कारखान्यात लावलेलं तेल आधी जाळून टाकावं लागतं. मी ती अंगणात रिकामीच तापवली, वास जाईपर्यंत. मग दांडीचं टोक आणि तोटीची बैठक बारीक घासणीची पेस्ट लावून एकमेकांवर घासली. हे केलं तरी तोटी थोडी टिपकतेच. या जातीच्या बहुतेक भट्ट्या टिपकतात. दांडीच्या डोक्याला खाच असते, तिच्यात स्क्रू ड्रायव्हर घालून एक गिरकी दिली की अडकलेला कण सुटतो आणि धार थांबते. तोटीखाली शिशाच्या विटा पाडायचा साचा मात्र कायम ठेवायचा. सांडलेलं त्यात जमतं, पुन्हा भट्टीत जातं.

धातूचं म्हणाल तर भंगार कधीही थेट या भट्टीत टाकत नाही. माती, वाळूचा एक कण तोटीत गेला की दिवस वाया. टायरवाल्याकडून आणलेली बॅलन्सिंगची वजनं मी जुन्या बिडाच्या भांड्यात, उघड्यावर वितळवतो आणि विटा पाडून ठेवतो. ती निवडायचं काम तांदूळ निवडण्याइतकंच कंटाळवाणं आणि तितकंच टाळता न येणारं. काही वजनं पोलादाची असतात, ती वर तरंगतात, झाऱ्याने काढली की झालं. जस्ताची वजनं घातक. जस्त रसात मिसळलं की रस दाटतो, ओतीव भरत नाही. पक्कडीने चावून बघायचं. शिशावर दात उमटतात, जस्तावर नाही. तरी एखादं सुटलंच तर तापमान सांभाळतं. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, जस्त ४१९ला. रस ३७०च्या आसपास ठेवला तर जस्ताचा तुकडा न वितळता वर येतो आणि उचलून टाकता येतो. जुन्या बॅटऱ्यांच्या वाटेला जाऊच नये. त्यांच्या पट्ट्यांतून विषारी वायू निघू शकतात.

बॅलन्सिंगच्या शिशात दोनतीन टक्के अँटिमनी असतं, त्याने कडकपणा येतो. कथील फार कमी असतं, म्हणून मी वरून दोन टक्के घालतो. कल्हईवाला भांड्याला लावतो तेच हे कथील. त्याने रसाचा पृष्ठताण उतरतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात धातू शिरतो. जास्त घालण्यात अर्थ नाही, महाग पडतं.

पाण्याची भीती मात्र मनापासून बाळगावी. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. ओलसर वीट तापल्या रसात बुडाली तर तो थेंब अख्खं पात्र उधळून देतो. माझ्याकडे नवी वीट आधी भट्टीच्या काठावर तापते, मगच आत जाते. ओतताना पाण्याची बाटली, थंड पेयाचा घाम फुटलेला कॅन, ओलं फडकं, यांतलं काही गॅरेजात नसतं. अंगात सुती कपडे, पायात चामडी बूट, हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि त्यावर तोंडभर ढाल. उन्हाळ्यात हा पोशाख म्हणजे शिक्षाच, म्हणून मी हे काम ऑक्टोबरावर ढकलतो.

भट्टीच्या उष्णतेच्या बटणावरचे आकडे तापमान सांगत नाहीत, ते नुसते कमी-जास्त सांगतात. वेगळा थर्मामीटर रसात सोडला. काटा ७०० फॅरेनहाइटला, म्हणजे ३७० सेल्सियसला आला तेव्हा लाकडाचा कोरडा भुसा टाकला आणि ढवळला. भुसा जळताना धूर करतो पण ऑक्साइड झालेलं कथील परत रसात उतरवतो. उरलेली राखाडी मळी झाऱ्याने काढून झाकणाच्या डब्यात. शिशाला उकळायला १,७४९ अंश लागतात, त्यामुळे या तापमानाला वाफेची काळजी फारशी नसते. धोका या मळीच्या धुळीत आहे. ती हाताला लागते, हातातून तोंडात जाते.

यानंतर भट्टीचं काम संपलं, साच्याचं सुरू झालं. पहिल्या गोळ्या खारकेसारख्या सुरकुतलेल्या निघाल्या, कारण ॲल्युमिनियमचा साचा अजून गारच होता. असं झालं की लोक भट्टी वाढवतात. मी वाढवली नाही. साच्याचा कोपरा रसात धरून ठेवला, शिसं त्याला चिकटेनासं झालं तेव्हा बाहेर काढला आणि भराभर ओतत राहिलो. हळूहळू कडा धारदार झाल्या. पुढे गोळ्यांवर पांढुरकी झाक आली, म्हणजे साचा आता जादा तापला. मग दोन ओतींच्या मधे थोडं थांबायचं. इतकंच. भट्टीचा आकडा एकदा लावला की त्याला हात लावायचा नाही, साच्याची उष्णता हाताच्या वेगावर सांभाळायची.

साच्यावरच्या पट्टीवर जमलेला धातू, ज्याला स्प्रू म्हणतात, चकाकीवरून मंद होतो तेव्हा आणखी दोनेक सेकंद द्यावे लागतात. घाईने कापला तर बुडाचा लचका निघतो. गोळीचं बूड सर्वांत महत्त्वाचं. नाकाला ओरखडा असला तर फरक पडत नाही, पण बुडाची कड एका बाजूने गोल असेल तर नळीतून सुटताना वायू तिथून आधी फुटतो आणि गोळी भरकटते. मी प्रत्येक गोळी बूड वर करून दिव्याखाली बघतो. नापसंत ती परत भट्टीत. हा एकच धंदा असा की नापास मालाची किंमत शून्य होत नाही.

भरल्या पात्रात हिशेबाने नऊशेच्या वर गोळ्या होतात, पण पात्र तळापर्यंत रिकामं करत नाही. तिसरा हिस्सा धातू आत ठेवूनच वीज बंद करतो. पुढच्या वेळी तो लवकर तापतो आणि पात्राला गंज धरत नाही. आवरल्यावर गॅरेज ओल्या फडक्याने पुसायचं, झाडायचं नाही. कपडे वेगळे धुवायचे, बूट घरात आणायचे नाहीत. घरात लहान मूल आहे. मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी इथली सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था २०२१पासून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा इशाऱ्याचा आकडा धरते, म्हणून वार्षिक तपासणीत त्याची आणि माझीही शिशाची चाचणी सांगून करून घेतो. डॉक्टरांनी कारण विचारलं. सांगितल्यावर त्यांनी भट्टीपेक्षा बंदिस्त शूटिंग रेंजबद्दलच जास्त प्रश्न विचारले, आणि ते बरोबरच होतं. तिथे प्रायमरमधल्या शिशाचा धूर थेट श्वासात जातो.

फिलाडेल्फियात स्पार्क्स शॉट टॉवर, म्हणजे शिशाचे छर्रे पाडायचा मनोरा, अजून उभा आहे, १८०८चा, १४२ फुटी. वरून वितळलेलं शिसं चाळणीतून सोडायचे, ते पडता पडता गोल होऊन खाली पाण्याच्या हौदात थिजायचं. पाणी आणि रस एकाच छताखाली ठेवणाऱ्या त्या माणसांचं मला तिथे गेलो की भारी कौतुक वाटतं.

गोळ्या नेमक्या मापाच्या व्हाव्यात म्हणून .३५८ इंचाच्या रिंगमधून दाबून, वंगण लावून वापरल्या. नळीत शिशाचा थर बसला नाही. धातू कडक हवा असं पुष्कळ जण म्हणतात. माझं मत वेगळं आहे. रिव्हॉल्व्हरच्या या सौम्य भारासाठी माप बरोबर असेल तर मऊ धातूच बरा. पैसे वाचतात का, तर नाही. भट्टी, साचा, रिंग, थर्मामीटर यांचा खर्च निघायला बरीच वर्षं लागतील. आणि तोवर बॅलन्सिंगचं शिसं मिळेल याचीही खात्री नाही. काही राज्यांनी शिशाच्या वजनांवर बंदी घातली आहे आणि आमच्या टायरवाल्याच्या बादलीतही पोलाद, जस्तच जास्त निघतं. पुढची खेप भंगारवाल्याकडच्या मऊ शिशाची. त्यात अँटिमनी नसेल, तेव्हा मिश्रधातूचं गणित नव्याने मांडायला घेतलंय.