भिंतभर फळा आणि सतरा अंक

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि गणिताचे सर डोळ्यांपुढे उभे राहिले. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये, पण माझी शाळा म्हणजे सरांचा तास.

नववीत मार्चच्या तापत्या दुपारी एक ऑफ तास होता. सर आले ते हातात नुसता खडू घेऊन. मागच्या इमारतीतला तो भिंतभर फळा त्यांनी खिडकीपासून दारापर्यंत एकाच संख्येने भरून टाकला: १२३४५६७८९८७६५४३२१. "वाचा," म्हणाले. आम्ही उजवीकडून एकं, दहं, शतं सुरू केलं. कोटीपाशी अर्धा वर्ग गळाला. पुढे अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य हे त्यांनीच म्हणवून घेतलं, आणि डावीकडचा पहिला एक 'मध्य'च्या घरात बसला. परार्धाला एकच घर कमी!

"आता हिचे विभाजक किती ते सांगा." आम्ही भागाकार मांडू लागलो. "काऊन बे, उन्हाळा सरेल असा भागता भागता!" ओळीने नऊ एक लिहून त्याचा वर्ग केला की ही संख्या येते. नऊ एकांचे अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्ग केल्यावर ३ चा घातांक ४, बाकी दोघांचा २. प्रत्येक घातांकात एक मिळवायचा आणि गुणायचं: ५ × ३ × ३, म्हणजे ४५.

"पण सर, विभाजक तर जोडीने येतात, मग ४५ कसे?" मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं. सर इतके खूश झाले की ३६ चे नऊ विभाजक म्हणून आम्हा नऊ जणांना फळ्यापुढे उभं केलं. १ ने ३६ चा हात धरला, २ ने १८ चा, ३ ने १२ चा, ४ ने ९ चा. मी ६ होतो, एकटाच उरलो. "याची जोडी याच्याशीच. वर्गसंख्या कोणतीही घ्या, विभाजकांची संख्या विषमच निघणार." फळ्यावरच्या संख्येत माझ्या जागी ते नऊ एक होते. अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणणारे द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, हे सांगताना सरांचा आवाज चढायचा.

आज मी पुण्यात माहिती सुरक्षेच्या कामात आहे. तिथे रोज ६१७ अंकी संख्यांशी गाठ पडते. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो, पण गुणाकारावरून त्या दोन शोधून काढणं आजच्या संगणकांनाही जमत नाही, यावर माहितीचं कुलूप उभं आहे. नव्या मुलांना हे शिकवताना माझ्या तोंडी सरांचीच वाक्यं येतात. मोठ्या संख्येला न घाबरता आधी तिचे अवयव विचारायचे, ही सवय त्यांनी लावली. माझ्या पगाराचा प्रत्येक रुपया मी त्यांचा मानतो.

गेल्या दिवाळीत नागपूरला आलो तेव्हा वर्गात डोकावलो. फळ्याच्या जागी पडदा आहे, आणि त्यावर सतरा अंक इवलेसे होऊन एका कोपऱ्यात मावतील. मला ते फार लागलं. नव्या इमारतीत निदान नववीच्या एका वर्गात खिडकीपासून दारापर्यंत फळा बसवावा, ही समितीला हात जोडून विनंती. खर्च सगळा माझ्याकडे.