चाळीस दिवसांची उधारी

आमच्या लॅपटॉपवर विनरार होतं. फायलींची गाठोडी बांधायची आणि सोडायची, एवढंच त्याचं काम. चाळीस दिवस वापरून बघा, मग पैसे भरा, असा बोलीचा व्यवहार. आमच्याकडे ते चाळीस दिवस नऊ वर्षं चालले. उघडलं की एक छोटी खिडकी यायची, मुदत संपली हो, असं सांगायची आणि बाजूला सरून काम करू द्यायची. असा सावकार आमच्या बेळगावच्या शहापुरात मिळणं कठीण. भिशीचा हप्ता दोन दिवस लांबला तर आमच्या गल्लीत कोण काय बोलतं ते मला पाठ आहे. त्यामुळे ती खिडकी बंद करताना दरवेळी ओशाळल्यासारखं व्हायचं. पैसे मात्र भरले नाहीत.

फुकटात प्रकार असतात हे मला जरा उशिरा कळलं. एकदा गाणी सीडीवर घालायला म्हणून काहीतरी उतरवून घ्यायला गेले. पानावर पाच हिरवी बटणं, पाचांवर ‘डाउनलोड’. खरं एकच, आणि तेच सगळ्यांत बारीक. मी अर्थातच सगळ्यांत मोठं दाबलं. पुढे महिनाभर ब्राउझर उघडला की कुठलंतरी परकं पान पुढ्यात. भाजीवर कोथिंबिरीच्या चार काड्या मागाव्यात आणि पिशवीतून भाजीवालीच घरी यावी, तसं.

व्हिडिओ लावायच्या व्हीएलसीनं असलं काही केलं नाही. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांचा हा उद्योग, २००१पासून सगळ्यांना खुला. त्याचा तो नारिंगी शंकू म्हणे पोरांनी रस्त्यावरून उचलून आणलेल्या शंकूंची आठवण. आमच्या लग्नाच्या व्हीसीडीला बाकी कुणी ओळख दाखवेना, यानं ती निमूट लावली. मानपानाच्या वेळी सासरे कुंद्याचा डबा हातात घेतात तिथे चकतीला चरा गेलाय. तिथे ते पाच सेकंद थांबतात, डबा तसाच हवेत, आणि मग एकदम जेवणाची पंगत सुरू होते.

मग १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०मधून अंग काढून घेतलं, म्हणजे त्याची डागडुजी थांबवली. आमचा लॅपटॉप २०१४चा, त्याच्यावर विंडोज अकरा चढेना. खानापूरचा भाचा दिवाळीला आला होता. खाली अंगणात पोरं किल्ल्याला लाल माती थापत होती आणि वर हा पेनड्राइव्ह खुपसून बसला. विंडोजच्या जागी बसणारं फुकटातलं लिनक्स मिंट, त्यातलं एक्सएफसीई नावाच्या साध्या मांडणीचं, जुन्या यंत्राला हलकं.

“मावशी, आधी पेनड्राइव्हवरनंच चालवून बघ. पटलं तर बसवू, नाहीतर काढून घेतो.”

हे मला आवडलं. दुकानात साडी खांद्यावर टाकून आरशात बघू देतात, तसं. आवाज येत होता, वाय-फाय लागलं. म्हटलं बसव. निम्म्यात आलं आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो लाईटबरोबरच गेला. अंधारात सासूबाईंचा आवाज आला, “काय करूलास रे तू?” भाचा काही बोलला नाही. लाईट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

लिनक्ससारख्या सॉफ्टवेअरला इंग्रजीत ‘फ्री’ म्हणतात, आणि त्या एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेत. म्हणून १९८३मध्ये असल्या सॉफ्टवेअरसाठी ग्नू प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनना वर्षानुवर्षं समजावत बसावं लागलं, की हे पैशातलं नव्हे, स्वातंत्र्यातलं फ्री. मराठीत मुक्त वेगळं, फुकट वेगळं. आम्ही फुकट म्हणूनच बसवलं, हे कबूल करून टाकते.

खरी गंमत पुढे. आईच्या जात्यावरच्या ओव्या माझ्या भावानं २००६मध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. तेव्हाचे ते फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा. लिब्रेऑफिस, म्हणजे वर्डसारखंच पण फुकटातलं, त्यात फाइल उघडली तर मुखवटा गळालेला. पंढरीच्या जागी कंस, डॉलर आणि उलटसुलट एबीसीडी. यात लिब्रेऑफिसची चूक नव्हती, फॉन्टच घरात कुणाकडे उरला नव्हता. छापलेली प्रत तेवढी कपाटात होती. एकतीस पानं. ती मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीनं, पुन्हा टाइप करायला घेतली, इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्डवर. हा कीबोर्ड विंडोजमध्येही होता. मी कधी हुडकला नव्हता, इतकंच. कळांवर फक्त इंग्रजी अक्षरं, म्हणून सुरुवातीला ‘एन’वर टिकली चिकटवली. शिफ्ट धरून ती दाबली की ळ उमटतो, आणि दळण-कांडणाच्या ओव्यांत ळ सोडून दुसरं आहे काय!

सव्वा महिना लागला. ‘दळिते’, ‘माउली’, ‘पांडुरंगा’ डोळे मिटून येऊ लागलं. तेवढ्यात मुलाला शाळेतून कन्नडमध्ये निबंध आला, आपल्या गावावर, टाइप करून. मी कोपऱ्यातल्या खुणेवर टिचकी मारून मराठीचं कन्नड केलं आणि सवयीनं बोटं ठेवली. क तिथेच. ग तिथेच, ब तिथेच. टिकलीखालचा ळसुद्धा तिथेच! इनस्क्रिप्ट बांधणाऱ्यांनी बहुतेक भारतीय लिप्यांतली सारखी अक्षरं एकाच कळीवर बसवलीत. बेळगाव आणि बेळगावी लिहिताना माझं बोट ळसाठी एकाच टिकलीवर जात होतं. अडखळले फक्त ‘बे’च्या मात्रेशी. कन्नडमध्ये ए ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन, आणि ऱ्हस्वाची कळ निराळी. मुलगा शेजारून म्हणाला, “आई, तू शेजारच्या अक्कांशी बोलताना पण तिथंच चुकतीस.”

प्रिंटरनं मात्र लिनक्सला अजून घरात घेतलेलं नाही. भाच्यानं फोनवरून दोन रविवार खटपट केली, मग मीच म्हटलं राहू दे. निबंध आणि ओव्या पेनड्राइव्हवर घालून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेल्या. त्यानं फाइल त्याच्या वर्डमध्ये उघडली तर ओव्यांच्या ओळी इकडच्या तिकडे. घरी येऊन पीडीएफ करून पुन्हा गेले. या खेपेला सगळं जागच्या जागी होतं.

“कुठलं हो हे सॉफ्टवेअर?” त्यानं विचारलं.

“फुकटातलं.”

“बरं. पानाला दोन रुपये.”