राउटरवरील ‘अलार्म १’: सेन्सर, केबल आणि इनपुट पिन यांची तपासणी

घरच्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र) व्हीएफडीने, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने, चालणारे स्पिंडल (कोरणारे पाते फिरवणारी मोटर) बसवल्यापासून काम मध्येच थांबत होते आणि पडद्यावर ‘अलार्म १’ येत होता. त्याचा छडा आता लागला असून तपासणीचा क्रम या नोंदीत सविस्तर मांडत आहे. कंट्रोलर म्हणजे आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर चालणारे जीआरबीएल १.१ हे यंत्र चालवणारे फर्मवेअर. एक्स, वाय आणि झेड या तिन्ही अक्षांवर १२ मिमी व्यासाचे, ४ मिमी अंतरावरून लोखंड ओळखणारे एनपीएन इंडक्टिव्ह सेन्सर (स्पर्श न करता धातू ओळखून सिग्नलची तार ग्राउंडला जोडणारे) आहेत. त्यांना १२ व्होल्टचा पुरवठा आहे.

अलार्म १ म्हणजे हार्ड लिमिट, अर्थात अक्ष हालचालीच्या टोकाला पोहोचल्याचा इशारा. लिमिटच्या पिनवर बदल दिसताच जीआरबीएल मोटरचे पल्स तत्काळ तोडते, त्यामुळे गतीत असलेल्या अक्षाची नोंदलेली स्थिती भरवशाची राहत नाही आणि पुन्हा होमिंग, म्हणजे अक्ष सेन्सरपर्यंत नेऊन यंत्राचे शून्य ठरवणे, करावे लागते. अर्धवट कोरलेल्या सागाच्या फळीवर ही वेळ आली की कामाचे शून्य पुन्हा तंतोतंत जुळवणे किती कठीण असते, हे या छंदातील प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही जीआरबीएलमधील $२१ या सेटिंगला शून्य करून हार्ड लिमिट बंद करण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला मला मान्य नाही. त्याने अलार्म जातो, पण त्याच्याबरोबर संरक्षणही जाते. $२६ मधील डिबाउन्सचा (क्षणिक झटके दुर्लक्षित करण्याच्या वेळेचा) आकडा वाढवण्याचाही येथे उपयोग नाही, कारण ती सेटिंग केवळ होमिंगच्या वेळी लागू होते. हार्ड लिमिट हा पिनवरील इंटरप्टने, म्हणजे पिन बदलताच चालू काम तोडणाऱ्या यंत्रणेने, उठतो आणि मूळ फर्मवेअरमध्ये त्याला कोणतीही गाळणी नसते, त्यामुळे काही मायक्रोसेकंदांचा झटकासुद्धा त्याला पुरतो.

तपासणीची सुरुवात यंत्राची स्थिती विचारणाऱ्या प्रश्नचिन्हाच्या (?) आज्ञेने केली. ती पाठवल्यावर येणाऱ्या स्थितीच्या ओळीत, जी इनपुट पिन त्या क्षणी सक्रिय असेल तिचे अक्षर दिसते. अक्षर टिकून दिसले, तर कारण स्थिर असते: सेन्सरसमोर खरोखर धातू आहे, केबल शॉर्ट आहे किंवा सेन्सर निकामी झाला आहे. अलार्म आला, पण पिनचे अक्षर दिसत नाही, तर कारण येऊन गेलेले असते. माझ्याकडे प्रत्येक वेळी ओळ कोरी होती. या एका निरीक्षणाने शोधाची दिशा ठरली आणि सेन्सर बदलण्याचा खर्च वाचला.

पुढे स्पिंडल बंद ठेवून अक्ष लांबवर फिरवले. अलार्म आला नाही. अक्ष स्थिर ठेवून फक्त स्पिंडल सुरू केले, तेव्हा वेग वाढत असतानाच अलार्म आला. मग एक्सचा सेन्सर त्याच्या टोकाकडून सोडवला आणि केबल मात्र कंट्रोलरला जोडलेलीच ठेवली, तरीही अलार्म आला. केबल कंट्रोलरकडून काढल्यावर तो थांबला. सेन्सर निर्दोष होता आणि मोकळी लोंबणारी केबलच अँटेनाचे काम करत होती. एक्सची सिग्नल केबल आणि स्पिंडलची केबल एकाच केबल चेनमधून (हलत्या केबल सांभाळणारी साखळी) जात होत्या. व्हीएफडीच्या आउटपुटवरील व्होल्टेज अतिशय वेगाने चढते-उतरते, आणि उनोच्या पिनवरील आतला पुल-अप (पिनचे व्होल्टेज वर धरून ठेवणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे इतका दुबळा असतो की शेजारच्या केबलमधून आलेला झटका त्याला सहज खाली खेचतो.

उपाय तीन ठिकाणी केले. स्पिंडलच्या केबलचे शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केले, सिग्नल केबलचे शील्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला जोडले आणि सिग्नलची वाट वेगळ्या चेनमधून काढली. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेले पीसी८१७ ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाने सिग्नल पुढे देऊन दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारे भाग, प्रत्येक सेन्सरला लावले. १२ व्होल्टच्या बाजूला १ किलोओहम रेझिस्टर घेतल्याने सुमारे १० मिलीअँपिअर प्रवाह मिळतो. या पुरवठ्याचा ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडलेला नाही, अन्यथा ऑप्टोकपलर लावण्याला अर्थ उरत नाही. पिनवर ४.७ किलोओहमचा बाहेरचा पुल-अप आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. यामुळे होणारा विलंब साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा असून मिनिटाला २००० मिमी वेगाने जाणारा अक्ष तेवढ्यात ०.०२ मिमीसुद्धा सरकत नाही.

याच वेळी नॉर्मली ओपन सेन्सर (धातू नसताना सर्किट उघडे) काढून नॉर्मली क्लोज्ड (धातू नसताना सर्किट बंद) बसवले आणि लिमिटच्या पिनचा अर्थ उलटा करणाऱ्या $५ ला १ केले. नॉर्मली ओपन सेन्सरची तार तुटली तर कंट्रोलरला सर्व काही ठीक दिसते आणि गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारी हलती चौकट) टोकाला जाऊन आदळते. नॉर्मली क्लोज्डमध्ये तीच तुटलेली तार लगेच अलार्म देते. कारखान्यातील यंत्रांवरच्या फानुक कंपनीच्या कंट्रोलवरही हेच तत्त्व पाळले जाते: ५०६ आणि ५०७ हे ओव्हरट्रॅव्हलचे (अक्ष मर्यादेबाहेर गेल्याचे) अलार्म ज्या जी११४ आणि जी११६ सिग्नलांवर उठतात, त्यांचा बिट शून्य झाला की यंत्र थांबते.

अलार्म १ गेल्यानंतर वाय अक्षावर अधूनमधून ‘अलार्म ८’ येऊ लागला. होमिंगनंतर अक्ष मागे सरकला तरी लिमिटची पिन मोकळी झाली नाही, असा त्याचा अर्थ. येथे स्थितीच्या ओळीत वायचे अक्षर टिकून होते आणि सेन्सरच्या मागील बाजूचा लाल दिवाही सेन्सरला धातू दिसत असल्याचे सांगत होता. टॉर्च लावून पाहिले, तेव्हा एमएसची (माइल्ड स्टीलची) पट्टी ड्रिल करताना उडालेला, नखाएवढा वळलेला कीस सेन्सरच्या तोंडाला ग्रीसने चिकटलेला दिसला. लाकडाच्या भुशाने हा सेन्सर फसत नाही, लोखंडाच्या किसाने मात्र फसतो. कीस काढून सेन्सरसमोर छोटी प्लॅस्टिकची आडोशाची पट्टी लावली आणि $२७ मधील मागे सरकण्याचे अंतर १ मिमीवरून ३ मिमी केले, कारण लोखंडी पट्टी सेन्सरच्या तोंडासमोरून आडवी जाते आणि अशा मांडणीत सेन्सर सुटायला समोरासमोरच्या मांडणीपेक्षा अधिक अंतर लागते. ज्यांची लक्ष्यपट्टी (सेन्सरसमोर येणारी पट्टी) अॅल्युमिनियमची आहे, त्यांनी सेन्सर आणखी जवळ आणावा. अॅल्युमिनियमवर ओळखण्याचे अंतर लोखंडाच्या निम्म्याहूनही कमी भरते.

झेडच्या प्रोब केबलला (पाते पट्टीला टेकवून उंची मोजण्याची केबल) अद्याप ऑप्टोकपलर नाही आणि स्पिंडल फिरत असताना प्रोबिंग करत नसल्याने तिथे त्रासही जाणवलेला नाही. तरीही अलार्म ४, म्हणजे प्रोबिंगच्या आरंभीच पिन चुकीच्या स्थितीत असणे, याची चाचणी पट्टीवर क्लिप मुद्दाम लावून घ्यायची आहे. तिचे निष्कर्ष पुढील नोंदीत देईन.